बाई, त्या संध्याकाळी तुम्ही मला पुढची ओळ वाचायला लावलीत

आदरणीय बाई,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सलाम.

हे पत्र घरी आणून दिलं असतं, तर तुम्ही ते न वाचताच उशीखाली सारलं असतं आणि "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलला असता. म्हणून उघड लिहितोय. दुसरंही एक कारण आहे. माझा राग आमच्या अख्ख्या गल्लीनं ऐकलाय, वर्कशॉपच्या पत्र्याबाहेरून जाणाऱ्या-येणाऱ्यांनी ऐकलाय. मग आभार तेवढे बंद पाकिटात का द्यायचे?

तीन वर्षांपूर्वी नाताळ आठ दिवसांवर आला होता. एका गिऱ्हाईकाचं लोखंडी गेट सणाआधी बसवून द्यायचं होतं आणि माल उशिरा आला होता. मुलगा तेव्हा चौदाचा. शाळा सुटली की दप्तर टाकून मदतीला यायचा. त्या दिवशी कटरवर चौकोनी पाइप कापताना त्याचं माप चुकलं. सहा तुकडे, प्रत्येक दोन इंचांनी कमी. मी स्लॅग, म्हणजे वेल्डिंगवरची खपली, झाडायची हातोडी फेकली. ती त्याच्या कानाजवळून गेली आणि दाराच्या चौकटीवर आदळली. तो रडला नाही, बोलला नाही. त्यानं हातमोजे काढले, टेबलावर जोडीनं नीट ठेवले आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई त्याला घेऊन राहुरीला माहेरी गेली.

लोकांना मी बरेच दिवस सांगत होतो की त्या दिवशी डोकं फिरलं होतं. तुम्हाला खरं माहीत होतं. हातोडी पहिल्यांदा उडाली असेल, पण हात त्याआधी अनेकदा उठला होता.

त्या रविवारी उपासना झाल्यावर मी तुमच्याकडे आलो. तुम्ही मंडळीतल्या ज्येष्ठ, माझी बायको तुमचा शब्द मोडणार नाही, एक फोन केलात की ती परत येईल, असा माझा हिशेब. तुम्ही ओट्यावर मेथी निवडत होतात. मान वर न करता म्हणालात, "परत कधी यायचं ते ती ठरवील. तू तिच्यासाठी आलायस की स्वतःसाठी?"

मला तेव्हाही राग आला. मी म्हणालो, "बाई, बायबलमध्ये रागवा असं पौलानंच लिहिलंय. राग येणं म्हणजे काही पाप नाही." तुम्ही मेथी बाजूला ठेवलीत, आतून पवित्र शास्त्र आणलंत, इफिसकरांस पत्राचा चौथा अध्याय उघडलात आणि म्हणालात, "मोठ्यानं वाच. सव्विसावं वचन, आणि थांबू नकोस." मी वाचलं. रागवा, पण पाप करू नका. रागात असताना सूर्य मावळू देऊ नका. सैतानाला वाव देऊ नका. पुढं एकतिसाव्या वचनापर्यंत आलो, तिथं संताप, क्रोध, ओरडा आणि निंदा सगळं काढूनच टाका असं लिहिलेलं. चाळीस वर्षांत मी त्या वचनाचा पहिला शब्द तेवढा घेतला होता आणि बाकीचं तिथंच ठेवलं होतं.

"वाव" हा शब्द मला वेल्डिंगच्या कामामुळे लगेच कळला. गेटच्या खिट्टीला वाव राहिला की वारा आला रे आला, ते रात्रभर आदळत राहतं. माझ्या घरात वर्षानुवर्षं तेच आदळत होतं.

तुम्ही मला उपदेश केला नाहीत, एक काम लावून दिलंत. रोज संध्याकाळी वर्कशॉप बंद केल्यावर, सूर्य मावळायच्या आत ओट्यावर यायचं आणि त्या दिवशी कशाकशाचा राग आला ते सांगायचं. तुम्हाला नाही, देवाला, पण मोठ्यानं. तुम्ही नुसतं बसायचात. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मग तुम्ही माझ्यापुढे तेरावं स्तोत्र ठेवलंत. त्यात दावीद देवाला चारदा विचारतो, कोठवर? कोठवर? मला वाटायचं, देवापुढे उभं राहायचं म्हणजे चेहरा पुसून, शहाण्यासारखं उभं राहायचं. एकशेनववं स्तोत्र वाचलं तेव्हा तर मी थांबलो. वैऱ्याची मुलं पोरकी होवोत, असं शास्त्रात कसं काय? तुम्ही म्हणालात, "तो ते वैऱ्याच्या दारात जाऊन बोलत नाही. देवाच्या दारात बोलतोय. फरक लक्षात घे." त्या एका वाक्यानं माझ्या रागाला जागा मिळाली. पोराच्या अंगावर जाणं आणि देवापुढे ओतणं, दोन्हींत आवाज तेवढाच मोठा असू शकतो.

एका संध्याकाळी मी तुम्हाला आमच्या धंद्यातली गोष्ट सांगितली होती. लोखंड लालभडक असतं तोवर कुणी हात लावत नाही. नवी पोरं भाजतात ती लोखंड काळं पडल्यावर. दिसायला थंड, आत तसंच तापलेलं. माझा रागही मोठ्यानं ओरडून झाल्यावर दोन-दोन दिवस तसा काळा पडून राहायचा, आणि बायको बिचारी निवला असेल म्हणून जवळ यायची. तुम्ही ते ऐकून बराच वेळ गप्प होतात. मग म्हणालात, "म्हणून तर सूर्य मावळायच्या आत. काळा पडायच्या आत." पुढच्या महिन्यात संडे स्कूलमध्ये तुम्ही हे उदाहरण मुलांना दिलंत, माझं नाव न घेता. मी मागच्या दाराशी उभा होतो. तुम्हाला ते ठाऊक नसेल.

माझं मन खऱ्या अर्थानं फिरवलं ते मोशेच्या पाट्यांनी. लोक सोन्याचं वासरू पूजताना पाहून मोशे संतापतो आणि देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या डोंगराच्या पायथ्याशी फोडतो, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय. निर्गमाचा बत्तिसावा अध्याय. मी तुम्हाला तीही पुरावा म्हणूनच सांगितली होती: बघा, मोशेलाही राग आवरला नाही! तुम्ही परत तेच केलंत. "पुढं वाच." चौतिसाव्या अध्यायात देव मोशेला म्हणतो, तू फोडलेल्या पाट्यांसारख्या दोन पाट्या घडव. पहिल्या पाट्या देवानं स्वतः घडवल्या होत्या. दुसऱ्या मोशेला घडवायला लावल्या. लिहिणार देवच, पण दगड तासायचा मोशेनं. मी छिन्नी चालवणारा माणूस आहे, बाई. दगडाच्या दोन पाट्या तासायला काय लागतं ते मला कळतं.

आणि त्याच अध्यायात, त्या नव्या पाट्या हातात घेऊन मोशे डोंगरावर उभा असताना, देव त्याला स्वतःची ओळख सांगतो: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध. हा शब्द आपण एकशेतिनाव्या स्तोत्रात इतकेदा म्हणतो की तो कानावरून निघून जातो. तुमच्या वडिलांची, त्या जुन्या पाळकसाहेबांची वही तुम्ही काढलीत. त्यात त्यांनी शाईनं लिहून ठेवलं होतं की हिब्रू भाषेत नाकाला आणि रागाला एकच शब्द आहे, आणि "मंदक्रोध"च्या जागी मूळात शब्दशः "लांब नाकाचा" असं आहे. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आपल्या मराठीलाच सुचलं असं मला वाटत होतं! तुम्ही म्हणालात, देवाचं नाक लांब, म्हणजे राग तिथवर पोचायला वेळ लागतो. तेव्हापासून डोकं तापलं की मी नाकानं लांब श्वास घेतो आणि तो शब्द मनात म्हणतो. मंदक्रोध. श्वास सोडेपर्यंत शब्द संपतो. डॉक्टरही श्वासाचंच सांगतात. त्यांच्याकडेही तुम्हीच पाठवलंत. नुसती प्रार्थना पुरे, असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. रक्तदाब वाढलेला निघाला, झोपेचे बारा वाजलेले होते. एलीया संदेष्टा मरण मागत झुडपाखाली निजला, तेव्हा देवदूतानं त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा निजू दिलं, बोलणं नंतर, हे तुम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून सांगितलंत.

मंडळीत काही जण मला म्हणाले, येशूनं नाही का मंदिरात दोऱ्यांचा चाबूक केला? राग पवित्र असू शकतो. मी ते लगेच उचललं. तुम्ही मार्काचा तिसरा अध्याय काढलात. शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, सभास्थानात वाळलेल्या हाताचा माणूस आहे, लोक टपून बसलेत, आणि येशू त्यांच्या कठोर मनामुळे दुःखी होऊन त्यांच्याकडे रागानं पाहतो. राग हा शब्द तिथं स्पष्ट आहे. तुम्ही विचारलंत, "मग त्यानं काय केलं?" मी वाचलं, हात लांब कर असं त्या माणसाला म्हणाला आणि हात बरा झाला. तुम्ही माझ्या उजव्या हाताकडे पाहिलंत. एवढंच. त्या रात्री मी जेवलो नाही.

तुम्ही नगरच्या, जुन्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, म्हणून टिळकांच्या गोष्टी तुम्हाला घरच्यासारख्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक किती तापट होते ते लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत काही न लपवता लिहून ठेवलंय. आगगाडीत एका अनोळखी साहेबानं त्यांना नवा करार दिला, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनानं त्यांना धरून ठेवलं आणि १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मी विचारलं होतं, बाप्तिस्म्यानं राग गेला का त्यांचा? तुम्ही खरं सांगितलंत: स्वभाव एका दिवसात धुऊन निघत नाही. पण ज्या प्रवचनानं त्यांना धरलं त्याच प्रवचनात, मत्तयाच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय की वेदीपाशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी त्या महिन्यात दानाचं पाकीट खिशात घेऊन राहुरीला गेलो. तुम्ही निघताना बजावलं होतं: "माफी माग. माफी मिळावी म्हणून बसू नकोस. ती त्यांची आहे, तुझी नाही." बायको दारातच उभी राहिली. मुलगा बाहेर आला नाही. मी जे बोलायचं ते बोललो आणि एस.टी.नं परत आलो.

असे सात महिने गेले. या सात महिन्यांत तुम्ही माझ्या बायकोला दर आठवड्याला फोन करत होतात, हे मला फार नंतर कळलं. "परत जा" असं एकदाही न म्हणता. तुझी झोप होते का, पैसे पुरतात का, पोरगा शाळेत जातो का, एवढंच विचारायचात. ती म्हणते, नवऱ्याच्या अधीन राहा असं सांगायला पुष्कळ जण आले, बाईंनी मात्र "बापांनो, मुलांना चिरडीस आणू नका" ते वचन काढून दिलं आणि म्हणाल्या, हे त्याच पौलाचं आहे. यासाठी मी तुमचे सगळ्यात जास्त आभार मानतो. तुम्ही माझी बाजू घेतली असती तर मी आजही तोच माणूस असतो, आणि घरात ती दोघं घाबरून बसलेली असती.

एका ठेकेदाराकडे माझे बेचाळीस हजार अडकलेत, ते तुम्हाला माहीतच आहे. त्याची वही मी रोज उघडायचो. प्रीती अपकार स्मरत नाही, हे पहिल्या करिंथकरांसच्या तेराव्या अध्यायातलं वचन तुम्ही मला दिलंत, तेव्हा मी भांडलो की मग उधारी सोडून देऊ का? तुम्ही म्हणालात, उधारी माग, दर महिन्याला माग, पण रात्री वही उशाशी घेऊन झोपू नकोस. पैसे अजून आलेले नाहीत. वही आता वर्कशॉपच्या कपाटात असते.

नीतिसूत्रांतलं ते वचन तुम्ही आम्हाला संडे स्कूलमध्ये पाठ करून घेतलं होतं, स्वतःला आवरणारा नगर जिंकणाऱ्यापेक्षा श्रेष्ठ. आम्हा पोरांना वाटायचं, शास्त्रात आपल्याच नगरचं नाव आहे! तुम्ही आमचा गैरसमज काढला नाहीत, उलट किल्ल्याची गोष्ट सांगितलीत. १५९५ साली मुघलांनी वेढा घातला, चांदबिबीनं दाद दिली नाही, किल्ला पडला तो १६०० साली. आता शहराचं नाव बदललं, पण ते वचन म्हणताना माझ्या डोळ्यांसमोर अजून तीच तटबंदी येते. सगळे दिवस मी जिंकतो असं नाही. मागच्या पावसाळ्यात पुन्हा ओरडलो होतो, मुलगा जागेवर थिजला होता. त्या दिवशी सूर्य मावळायला तासभर होता. मी मशीन बंद केलं, त्याच्याशी बोललो, आणि तुमच्याकडे आलो.

दाराच्या चौकटीवरचा तो खड्डा मी पहिल्याच आठवड्यात भरून रंगवणार होतो. तुम्ही थांबवलंत. "तो ज्याला लागायचा होता त्याला विचार, मग भर." मी तीन वर्षं विचारलं नाही. गेल्या शनिवारी त्यानंच विचारलं, "पप्पा, हा भरायचा का?" मी म्हणालो, तू सांगशील तसं. तो म्हणाला, अजून राहू दे. मग त्यानं टेप घेतला, पाइपवर खडूनं खूण केली, दोनदा मोजली आणि मला पुन्हा मोजायला सांगितलं. माप बरोबर होतं.

तुमच्या फाटकाची वरची बिजागरी करकरते, ते दोन महिन्यांपासून सांगताय. रविवारी उपासनेनंतर आम्ही दोघं येतो. वेल्डिंग तो करणार आहे, मी फक्त फाटक धरून उभा राहीन. दुपारचं जेवण करू नका, त्याची आई डबा देणार आहे.

तुमचा,
संडे स्कूलमधला जुना विद्यार्थी