मिसाईल पडलं तर भरपाई, पंचगंगा आली तर नाही!

मा. केंद्रीय अर्थमंत्री महोदया,
नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

विमा खातं आपल्याकडे येतं म्हणून हे पत्र आपल्याला. पालकमंत्र्यांकडे गेलो असतो तर त्यांनी 'हा केंद्राचा विषय' म्हणून दिल्लीकडे बोट दाखवलं असतं. मधला तो टप्पा मीच गाळला.

पावसाळा तोंडावर आलाय आणि गेल्या आठवड्यात आमच्या घराच्या विम्याचं नूतनीकरण कंपनीनं नाकारलं. तेही फोनवर. एजंट आमच्या ओळखीतलाच पोरगा. म्हणाला, "काका, सिस्टीमच घेईना. पिनकोड टाकला की अडकतंय. पूर वगळून दुसरी पॉलिसी देतो, हप्ताही कमी बसेल." म्हटलं, एवढं कागदावर लिहून दे. तर म्हणे, कंपनी असलं काही लिहून देत नाही.

आतापर्यंत आमच्याकडे 'भारत गृह रक्षा' होती. 1 एप्रिल 2021 पासून आपल्याच विमा नियामकानं ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी. शब्द न् शब्द ठरलेला, कंपनी कुठलीही असो. त्यात आग, भूकंप, दंगल, वादळ, पूर सगळं येतं. विमान घरावर आदळलं तर भरपाई आहे. मिसाईलच्या चाचणीत घराचं नुकसान झालं तरी भरपाई आहे. मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. आमचं घर शाहूपुरीत, सखल भागात. आमच्या गल्लीवर आजवर एकही मिसाईल पडलेलं नाही. पाणी मात्र 2005 ला आलं, 2019 ला आलं, 2021 ला आलं. आणि आता नेमकं तेच वगळून बाकीचं सगळं घ्या म्हणतात!

2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली. धोका पातळी 43 फूट. शिवाजी पुलावरच्या मच्छिंद्रीला, म्हणजे आमच्या पुराच्या जुन्या खुणेला, पाणी लागलं की आम्ही सामान वर चढवायला घेतो, पण त्या वेळी पोटमाळाही पुरला नाही. पाणी ओसरल्यावर घरी गेलो, तर प्लायचं दार फुगून चौकटीत घट्ट बसलेलं. शेजारच्या पोरांनी लाथा घालून उघडलं. फ्रीज तरंगत जाऊन स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडलेला. तिजोरी पालथी. (तिजोरी म्हणजे आमच्यात कपड्यांचं लोखंडी कपाट, आयकर खात्यानं उगाच कान टवकारू नयेत.) तिच्यात मंडळींचा लग्नातला शालू. तीन पाण्यांनी धुतला तरी गाळाचा वास गेला नाही. शेवटी रस्त्यावरच्या ढिगात टाकला. घंटागाडीवाल्यानं तो उचलला तेव्हा मंडळी आत निघून गेल्या.

त्या वेळी शहरातल्या पूरग्रस्ताला सरकारनं 15 हजार रुपये दिले. खेड्यात 10 हजार, तिथं बहुतेक पाणी कमी ओलं असतं. मोफत धान्यासाठी तर आधी अट होती, घर दोन दिवस पाण्याखाली पाहिजे. दीड दिवस बुडालेल्यानं आणखी थोडं बुडून यायचं.

विमा उतरवला तो त्या पुरानंतर. 2021 च्या जुलैमध्ये पुन्हा पाणी आलं आणि सर्व्हेअर आला. भिंतीवरचा डाग टेपनं मोजला, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, टीव्हीचं बिल दाखवा. बिल तिजोरीत होतं आणि तिजोरी पाण्यात होती. मग घसारा सुरू झाला, म्हणजे वस्तू जुनी म्हणून किंमत कापणं. मिक्सरला घसारा, गाद्यांना घसारा, कपाटाला घसारा. मी उभी हयात साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात काढली, घसारा म्हणजे काय ते मला कळतं. नुकसानीच्या निम्मेही हातात पडले नाहीत. तरी भांडलो नाही. नंतर गृह रक्षा घेतली, हप्ता दरवर्षी मुदतीआधी भरला. 2024 ला पाणी धोका पातळी ओलांडून वर आलं, आमच्या उंबऱ्याला टेकायच्या आत उतरलं. त्या वर्षी कंपनीला एक रुपया मागितला नाही. त्याचं हे बक्षीस.

कंपनीचं गणित मला कळत नाही असं नाही. नुकसान समोर दिसत असताना कुणी धंदा करायला येत नाही. पण मग विमा कुणासाठी? ज्याच्या दारात पाणी येत नाही तो पुराचा विमा काढत नाही, ज्याच्या दारात येतं त्याला तुम्ही देत नाही. दहशतवादी हल्ल्याचा विमा द्यायलाही एके काळी कुणी धजत नव्हतं. तेव्हा 2002 साली कंपन्यांनी एकत्र येऊन सामाईक निधी उभा केला. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन तो सांभाळते. मग पुरासाठी का जमत नाही? ब्रिटनमध्ये 2016 पासून 'फ्लड री' आहे. घरांचा विमा करणाऱ्या सगळ्या कंपन्या त्यात वर्गणी भरतात आणि नदीकाठच्या घराचा पुराचा बोजा तिकडे सोपवतात. 2009 पासून पुढं बांधलेल्या घरांना त्यात जागा नाही, त्यामुळे भराव टाकून स्कीम उठवणाऱ्याचं फावत नाही. आमचं घर वडिलांनी 1974 ला बांधलं, रीतसर परवानगी घेऊन. पूररेषा त्यानंतर आल्या. घरफाळा मात्र तेव्हापासून चालू आहे.

आणि पिनकोड बघून धोका कसला ठरवता? पाणी कुठवर येतं ते दाखवणारी जलसंपदा विभागाची निळी पूररेषा आहे, लाल पूररेषा आहे. एकाच पिनकोडात आमच्या गल्लीत गळ्याएवढं पाणी असतं आणि चढावरच्या बंगल्याची पायरीही ओली होत नाही. त्या बंगल्यालाही नकार, आम्हालाही नकार. एवढीच काय ती समानता.

बरं, हे पाणी काय आम्ही बोलावलं? शिरोलीजवळ महामार्गाचा भराव पाणी अडवतो हे इथला रिक्षावालाही सांगेल. कर्नाटकला कृष्णेवरच्या अलमट्टी धरणाची उंची 519 मीटरवरून 524 वर न्यायची आहे. 2019 च्या पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला दोष दिला नाही, शिरोळ तालुक्यातली माणसं देतात, आणि दोघांच्या वादात अहवाल 2020 पासून कपाटात. भराव टाकणारा सुटला, परवानगी देणारा निवृत्त झाला, धरणाचं पाणी सोडणारा वरून आलेल्या आदेशावर बोट ठेवतो. धोकादायक ठरलो आम्ही. नियामक म्हणतो, 2047 पर्यंत प्रत्येकाला विमा. तेव्हा मी नव्वदीत असेन, असलोच तर. सप्टेंबर 2025 ला आरोग्य आणि आयुर्विम्यावरचा जीएसटी काढलात, चांगलं केलंत. घराच्या विम्यावर 18 टक्के तसाच ठेवलात. घर म्हणजे चैन वाटली की काय?

मागणं फार नाही. नाकारायचं तर कारणासह लेखी नाकारायला कंपन्यांना लावा. धोका पूररेषेवरून आणि जोत्याच्या उंचीवरून ठरवा. पुरासाठी सामाईक निधी काढा, त्यात आमच्या हप्त्यात थोडी वाढ झाली तरी चालेल. फुकट कुणी मागत नाही इथं.

पत्राची एक प्रत पुण्याच्या विमा लोकपालांना पाठवतोय. माझ्याकडे नकाराचा कागद नाही म्हणून ते तक्रार घेणार नाहीत, असं एजंट म्हणतो. नाही घेतली तर निदान तेवढं तरी ते लेखी देतील.

आपला,
शाहूपुरीतला एक घरफाळा भरणारा
कोल्हापूर