चि. मुक्तास पत्र

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन कट झाला नव्हता, मी ठेवला होता. बाबांना रेंजचं कारण सांगितलं, ते त्यांना पटलं नाही. तू एवढंच विचारलंस, "आई, माझी काही फाइल होती का गं?" आणि मी "नाही" म्हणाले.

त्याबद्दलच लिहायला बसले आहे. पण आधी एक सांगते. तिकडे अमेरिकेत आगगाडीने परक्या घरी पाठवलेल्या ज्या मुलांच्या नोंदी तू ठेवतेस, त्यांच्या आठवणी रात्री खोलीत एकटी बसून वाचू नकोस. कामावर वाच, शेजारी कुणी असताना.

शमाआत्या परवा म्हणाली, "परक्यांच्या पोरांचा हिशेब ठेवायला एवढ्या लांब कॅन्ससला?" मी तिला सगळं सांगितलं. ब्रेस नावाच्या पाद्र्याने १८५३ मध्ये न्यूयॉर्कला चिल्ड्रन्स एड सोसायटी काढली, पुढच्याच वर्षी पहिली तुकडी मिशिगनला गेली, आणि १९२९ पर्यंत दोन लाखांच्या आसपास मुलं आगगाडीने नव्या घरी पाठवली गेली. "सगळी अनाथ?" तिने विचारलं. म्हटलं, नाही, कित्येकांची आई नाहीतर बाप जिवंत होता. त्यावर ती गप्प झाली. मीही.

बाबा येईल त्याला त्या दोघांचं सांगतात. बर्क आणि ब्रेडी, १८५९ मध्ये एकाच गाडीने इंडियानाला गेलेले, पुढे एक नॉर्थ डाकोटाचा गव्हर्नर झाला, एक अलास्काचा. मला ते ऐकून बरं वाटत नाही. जे कुणीच झाले नाहीत, ज्यांना स्टेजवर उभं करून लोकांनी दंड चाचपून पाहिले, ज्यांची भावंडं दुसऱ्याच घरी गेली, त्यांचं कोण सांगणार? ते तू लिहून ठेवते आहेस. याचा मला किती अभिमान आहे ते फोनवर कधी नीट सांगता येत नाही.

मात्र एक लक्षात ठेव. नाव बदललेल्या मुलाची दोन्ही नावं लिही. तारीख नसेल तर अंदाजाने टाकू नकोस. कुणाची नातवंडं चौकशीला आली तर "नोंद नाही" असं घाईने म्हणू नकोस, पुन्हा एकदा कपाट उघडून बघ. आणि डोळ्यांना ताण देऊ नकोस, रात्रीचं वाचन तर... पुन्हा तेच. तुझं काम मी तुला शिकवते आहे. चुकलं माझं.

खरं तर त्या नंबराच्या गोष्टीपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. न्यूयॉर्कच्या फाउंडलिंग अनाथालयाच्या नन्स तान्ही मुलं गाडीने घेऊन जायच्या, घर आधीच ठरलेलं, बाळाच्या कपड्यावर नंबर आणि नेणाऱ्याच्या हातात तोच नंबर. तू सहज बोलून गेलीस. माझ्या हातातली पळी हातातच राहिली.

तुझ्या झबल्यावरही नंबर होता. गळ्यापाशी आतून, निळ्या शाईत. संस्थेतून येताना तू रिक्षात ओकलीस, अंगात ताप होता. दुसऱ्या दिवशी झबलं भिजत घातलं. दूध पहिल्या पाण्यात गेलं, नंबर गेला नाही. मग मी ब्रश घेतला आणि तो पुसट होईपर्यंत, मग दिसेनासा होईपर्यंत घासत बसले. कुणी बघू नये म्हणून. आजीने वाळत घालताना पाहिलं. म्हणाली, "राहू द्यायचास गं, खूण होती तिची." तेव्हा मला तिचा राग आला होता. आता तो नंबर सतरा होता की एकाहत्तर, तेही आठवत नाही. मुक्ता, ही एक नोंद माझ्या हातून गेली.

फाइल आहे. लोखंडी कपाटात, तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटखाली. नऊ पानं. कोर्टाचा हुकूम, डॉक्टरांचा दाखला, वजनाचा तक्ता. शेवटी वहीतून फाडलेली एक चिठ्ठी आहे. दूध किती वाजता, किती चमचे, आणि खाली "उजव्या कुशीवर झोपते." सही नाही. संस्थेतल्या कुणाचं अक्षर आहे की तुला जन्म देणारीचं, मला कळलेलं नाही. कितीतरी वर्षं मी ती चिठ्ठी काढून बघते आणि परत ठेवते. तू अजूनही उजव्या कुशीवरच झोपतेस.

"नाही" म्हणाले ते भीतीने. तुला ती सापडली तर माझ्या वाट्याला काय उरेल, असं आलं मनात. आईने असं मनात आणू नये, पण आलं.

बाबा सगळी पानं स्कॅन करून पाठवणार आहेत, चिठ्ठीसुद्धा. ते सकाळीच पाठवायला निघाले होते. मी थांबवलं. इथे सकाळ म्हणजे तुझ्याकडे रात्र. संध्याकाळी पाठवा म्हटलं, म्हणजे तू उठलेली असशील.

तुझी,
आई