पद्मिनीचं चेंबर उतरवून देणाऱ्या काकांना

रविवारी डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या फाटकाशी थांबलेल्या त्या अनोळखी काकांचे मनापासून आभार.

माझ्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, पॅकिंगमधून ऑइल गळत होतं, म्हणून घरीच चेंबर उतरवायला घेतलं. शेवटच्या बोल्टचं डोकं झिजलेलं, पाना नुसताच फिरत होता. काकांनी इस्त्रीचा शर्ट काढून फाटकाला अडकवला आणि बनियनवर गाडीखाली सरकले. स्टँड लावलेले होतेच, तरी त्यांनी आधी स्टेपनी आडवी सरकवायला लावली. मग एक नंबर लहान सॉकेट हातोडीने ठोकून बसवला. बोल्ट सुटला! चिकटलेलं चेंबर मी स्क्रूड्रायव्हरने उचकटू लागताच म्हणाले, "कड वाकली की जन्मभर गळेल." लाकडी ठोकळा धरून हळूहळू ठोकत त्यांनी ते सोडवलं. कॉर्कचं पॅकिंग बसवताना बोल्ट आलटून-पालटून, थोडे थोडेच आवळायला लावले. जास्त आवळलं तर कॉर्क बाहेर येतं म्हणे.

काकांनी मुंबईत पद्मिनीचीच टॅक्सी चालवली होती. ऑक्टोबर 2023मध्ये त्या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या हद्दपार झाल्या, पण हात विसरलेले नाहीत. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र हक्काने मागून घेतला. काका, गळती थांबलीय.