आधी अर्थिंग बघ, मग पॉवर कॉर्ड

सोलापूर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र मिळालं. जाड पॉवर कॉर्ड, मुलामा दिलेला थ्री पिन टॉप आणि वायरीवर बसवायचे फेराइट (कचरा अडवणारे चुंबकीय मणी), सगळं एकदम मागवायचं म्हणतोयस. जरा थांब. पूर्व भागातल्या तुमच्या घरात स्पीकरमधून जी गुणगुण येते, ती कुठून येते ते आधी शोधू. यातलं काय उपयोगी पडेल, ते त्यावरच ठरेल.

अँप्लिफायर बंद कर, मागच्या सगळ्या इनपुटच्या पिना काढ, पुन्हा चालू कर आणि वूफरला कान लाव. तरीही गुणगुण असेल तर दोष आतला. जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकलेले असतात आणि आवाज १०० हर्ट्झचा येतो. तिथे कुठलीच कॉर्ड कामाची नाही. पिना काढल्यावर शांत झालं, तर एकेक पिन परत जोडत जा. बऱ्याच घरांत सेट-टॉप बॉक्स जोडला की गुणगुण सुरू होते, कारण केबलवाल्याच्या वायरीची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं वेष्टन) वेगळ्या ठिकाणी अर्थ झालेली असते. त्या अर्थमध्ये आणि घरच्या अर्थमध्ये थोडे व्होल्ट फरक असतो आणि त्याचा प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून वाहतो. बॉक्समागची केबल उपसून बघ. आवाज गेला, तर केबलवर आयसोलेटर (दोन्हीकडची जाळी तोडून फक्त सिग्नल जाऊ देणारा जोड) लाव किंवा ऑडिओच्या वाटेत १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाल. अर्थची पिन काढून टाक असं कोणीही सांगितलं तरी ऐकू नकोस. गुणगुण जाईल, पण आत कुठे फेज (वीज असलेली तार) बॉडीला लागला तर हात लावणारा जिवाला मुकेल.

मग अर्थिंग. सॉकेटकडे तोंड करून उभं राहिलं की वरचं मोठं भोक अर्थ, उजवं फेज, डावं न्यूट्रल. मल्टिमीटर एसीवर ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोज. एक-दोन व्होल्ट असेल तर चिंता नाही. पाच-दहाच्या वर गेला, तर न्यूट्रलचा जोड ढिला आहे किंवा अर्थ कुठेतरी तुटलाय. आपल्याकडे उन्हाळ्यात काळी माती वाळून भेगाळते आणि अर्थिंगच्या खड्ड्यातल्या पट्टीभोवतीचा ओलावा जातो. म्हणून एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात नियमित पाणी घालायला सांग. क्लॅम्पचा नट गंजला असेल तर घासून पुन्हा आवळायचा. हे काम वायरमनकडूनच करून घे.

खरा फरक पडतो तो जोडांत. लूमच्या वस्तीत कापसाची बारीक धूळ सॉकेटात जाऊन बसते, आतल्या पत्त्या ढिल्या पडतात आणि प्लग लोंबकळतो. वीज काढून तुझा थ्री पिन टॉप उघडून बघ: स्क्रूभोवती तांबं काळं पडलंय का, इन्सुलेशन कडक झालंय का, चार-दोन तारा बाहेर राहिल्यात का. तसं असेल तर टोक कापून नवीन सोल आणि तारांवर पिन लग (तारा एकत्र धरणारी धातूची टोपी) दाबून बसव. टोकाला सोल्डरचं शिसं लावून स्क्रूखाली देऊ नकोस. ते दाबाखाली हळूहळू पसरतं आणि स्क्रू ढिला होतो. सॉकेट नवा घेतलास तर आयएसआय खुणेचाच घे. सगळ्या खर्चात हा खर्च सगळ्यात कमी आणि सगळ्यात कामाचा.

कॉर्डचं गणित सरळ आहे. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचिक तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे १३.३ ओहम. दोन मीटरची कॉर्ड म्हणजे जाऊन-येऊन चार मीटर, साधारण ०.०५ ओहम. दोन अँपिअर ओढले तर ०.१ व्होल्ट पडतो, २३० मध्ये! मीटरपासून खोलीपर्यंत भिंतीत तसलीच वीस मीटर वायर असेल, तर तिचा रोध याच्या दहापट. तेव्हा शेवटचे दोन मीटर चांदीचे केले तरी स्पीकरला पत्ता लागणार नाही.

फेराइटचं मात्र काम आहे, पण ठरावीक. मेगाहर्ट्झमधला कचरा ते अडवतं: ॲडॅप्टर, एलईडी ड्रायव्हर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर यांचा. घरच्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवर त्याचा काही परिणाम नाही. ते मशीनच्या टोकाशी, फेज, न्यूट्रल आणि अर्थ तिन्ही एकत्र आतून घालून लावायचं. दोन्ही अर्ध्या भागांत फट राहिली तर असर फार कमी होतो, म्हणून टिचकी नीट बसायला हवी. त्याच वायरीचे तीन वेढे घेतले तर अडथळा जवळजवळ नऊपट होतो. पण जाड कॉर्डचे वेढे बसतच नाहीत! तुझी ती महागडी जाड कॉर्ड आणि फेराइट एकमेकांच्या आड येतात, हे मागवण्याआधी लक्षात घे. डॅकच्या (डिजिटल सिग्नलचा ऑडिओ करणाऱ्या डब्याच्या) ॲडॅप्टरची बारीक वायर वेढ्यांसाठी उत्तम.

तरीही कॉर्ड ऐकून बघायची असेल, तर वहिनींना पडद्यामागे बसव. नाणं उडवून त्या जुनी किंवा नवी लावतील, आवाजाची खुंटी कोणी हलवायची नाही. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखलीस तर मी मानेन. नुसत्या अंदाजाने तेवढं जमण्याची शक्यता शंभरात एक.

पुढच्या खेपेला येशील तेव्हा १.५ ची थ्री-कोअर केबल आणि लग नवी पेठेत घेऊ, मल्टिमीटर माझ्याकडे आहे. तू फक्त अँप्लिफायरच्या मागे लिहिलेलं फ्यूजचं रेटिंग वाचून कळव, म्हणजे ६ अँपिअरचा टॉप पुरेल की १६ चा लागेल ते ठरवता येईल.

तुझा,
सतीश