आई, तो मासा मी का सोडला

ऐरोली, ८ जून

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

"इतक्या लांब जाऊन धरलेला मासा सोडून दिलास?" असं म्हणून आईने फोन ठेवला. बाबा तर बोललेच नाहीत. म्हणून लिहितेय.

यंदा हिमाचलातल्या तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला दोनदा गेले, एप्रिलमध्ये आणि मेअखेरीस. चंदीगडहून रात्रीची बस, औटला उतरायचं, पुढे बंजार, गुशैणी. मत्स्यखात्याचा परवाना काढावा लागतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट अंडी घालतो, तेव्हा बंदी; आपल्याकडे पावसाळ्यात असते तशी. खरं तर हा मासा तिथला नव्हेच. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रजांनी हौसेने आणून सोडला.

बाबा, विटाव्याच्या खाडीत आपण गरवायचो तेव्हा शिसं गरीला ओढून न्यायचं. इथे, म्हणजे या फ्लाय फिशिंगमध्ये, गरीवर नुसता दोरा आणि पिसं, वजन असं नाहीच. वजन असतं ते जाड दोरीला. ती मागे पूर्ण उलगडू द्यायची, मगच पुढे फेकायची. मला तेवढा धीर कुठला! गरी निम्म्या वेळा मागच्या झाडात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गरीऐवजी लोकरीचा तुकडा बांधून महिनाभर सराव केला होता, तरी ही गत. वॉचमनकाका रोज विचारायचे, "काय अडकलं, ताई?"

नदीवरच्या दादाने काठी हातात घेण्याआधी पाण्यातला दगड उलटा करून दाखवला. खाली वाळूच्या कणांचं घर करून राहिलेल्या अळ्या. मासा जे खातोय, तसंच दिसणारं गरीवर बांधायचं. तुम्हीही खाडीवर आधी नुसतं पाण्याकडे बघत बसायचात. मी भेळेसाठी भुणभुण करायचे.

मेअखेरीस बर्फ वितळून नदी चढली होती. गढूळ पाण्यात माशाला माझी पिसं दिसणार कशी? तीन दिवस, एकही नाही. त्यामुळे एप्रिलमधला तो एकच. वीतभर, अंगावर लाल ठिपके. हात ओला करून धरला, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आई, खरं सांग, वीतभर माशाचं कालवण किती जणांना पुरलं असतं?

सप्टेंबरअखेर पाणी निवळलं की पुन्हा जाईन. तोवर एक काम. तांबडा कोंबडा कापाल तेव्हा त्याच्या मानेची पिसं टाकू नका. धुऊन, सावलीत वाळवून, कागदात गुंडाळून ठेवा. गणपतीला आले की घेऊन जाईन.

तुमची,
बेबी