डाळ-टोमॅटो बंद, बिअर मात्र चालू

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

आषाढ अमावास्या, म्हणजे घरातली दिव्यांची अवस आणि घराबाहेरची गटारी, उलटली की दोन-तीन दिवसांत आमच्या लालबाग-परळ भागात कोणीतरी एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी अशा अवस्थेत दवाखान्याचा जिना चढताना दिसतोच. अंगठ्याच्या मुळाचा सांधा लालबुंद होऊन सुजलेला असतो आणि अंगावरच्या चादरीचा स्पर्शही त्याला सहन होत नाही. हा गाउट, म्हणजे रक्तातले युरिक ॲसिड वाढल्यामुळे होणारा सांध्यांचा विकार. मी स्वतः तो जिना असाच चढलेलो आहे आणि त्यानंतरची काही वर्षे चुकीचे पथ्य अत्यंत निष्ठेने पाळलेले आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

निमित्त आहे ते आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात पुन्हा एकदा आलेल्या यादीचे. युरिक ॲसिड वाढलेल्यांनी डाळी, पालक, टोमॅटो, दही, ताक, चिंच आणि लिंबू वर्ज्य करावे, असे तीत ठळक अक्षरांत लिहिले होते. बिअर, कलेजी, सुकट किंवा बाटलीतले गोड थंड पेय यांचा मात्र चकार शब्दाने उल्लेख नव्हता. माझ्या मते या गोंधळाचे मूळ ‘ॲसिड’ या शब्दात आहे. ॲसिड म्हटले की आपल्याला आंबट आठवते आणि घरातले आंबट तेवढे बंद होते. वास्तविक युरिक ॲसिड लिंबातून किंवा ताकातून येत नाही. आपल्याच पेशींतल्या आणि अन्नातल्या प्युरीन नावाच्या घटकाचे विघटन होऊन ते शरीरात तयार होते आणि मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. दर डेसिलिटर रक्तात त्याचे प्रमाण साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते पुरते विरघळून राहू शकत नाही, त्याच्या क्षाराचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचतात आणि शरीराची संरक्षक यंत्रणा त्या स्फटिकांवर तुटून पडली की एखाद्या मध्यरात्री तो जीवघेणा ठणका सुरू होतो.

अमेरिकेत सुमारे ४७ हजार पुरुषांची १२ वर्षे पाहणी करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाउटचा धोका अधिक आढळला. प्युरीन असलेल्या भाज्या आणि डाळींमुळे तो वाढलेला दिसला नाही, आणि दुधाचे पदार्थ, विशेषतः कमी स्निग्धांशाचे, खाणाऱ्यांत तर तो कमी होता. म्हणजे आपल्या घरातले लोणी काढलेले ताक, जे मी आंबट म्हणून सहा वर्षे तोंडाला लावले नाही, ते मला चालणारेच होते. टोमॅटोत प्युरीन फारच थोडे असते. ज्याला तो खाल्ल्यावर स्वतःला त्रास झाल्याचा पक्का अनुभव आहे त्याने तो जरूर टाळावा, पण त्यासाठी साऱ्या घराची आमटी बेचव करण्याचे कारण नाही.

मग टाळायचे काय, तर जे टाळणे जिवावर येते तेच. कलेजी, गुर्दा आणि भेजा यांचा पहिला क्रमांक. मटण क्वचित आणि थोडे, आणि प्युरीन शिजताना पाण्यात उतरत असल्यामुळे रस्सा ओरपणे नको. या ठिकाणी एक विसंगती नमूद करावीशी वाटते. पाय दुखतो म्हणून माझ्या थोरल्या बहिणीने मला मोठ्या मायेने पायाचे सूप आणि आळणी पाणी पाजले होते, आणि दुसऱ्या दिवशी मी भिंत धरून चालत होतो. माशांपैकी तारली, मांदेली, बांगडा आणि शिंपल्यातले प्रकार जपून खावेत. त्याहून जपावे ते सुक्या मासळीला, कारण पाणी उडून गेल्यामुळे मूठभर सुकटीत किंवा सोड्यांत तेवढ्याच वजनाच्या ओल्या मासळीपेक्षा कितीतरी अधिक प्युरीन असते. आणि पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा आमच्याकडे नेमकी तीच बरणी रोज उघडते. बिअर दोन्ही बाजूंनी घात करते, कारण तिच्यात प्युरीनही असते आणि तिच्यातल्या मद्यामुळे युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर पडणेही मंदावते. ‘मी बिअर सोडली, आता फक्त व्हिस्की घेतो’ असे सांगणाऱ्यांनी यातली मद्याची दुसरी बाजू लक्षात घ्यावी. थंड पेयांतली आणि उसाच्या रसातली साखरही निरुपद्रवी नाही, कारण तिच्यातल्या फ्रुक्टोजचे पचन होताना युरिक ॲसिड तयार होते.

श्रावण लागला की सगळे आपोआप सुधारेल, असे मी दरवर्षी मानत असे. मांसाहार आणि मद्य महिनाभर बंद झाल्याचा लाभ होतोच. पण दिवसभर पोट रिकामे ठेवून पाणीही न पिता केलेल्या उपवासाने युरिक ॲसिड उलट वाढते आणि गाउटचा झटका येऊ शकतो. झटपट वजन उतरवण्याच्या अघोरी उपायांचेही तसेच आहे. वजन कमी व्हावे, पण महिन्याला एक-दोन किलोच्या बेताने.

हे सारे पथ्य सांगून झाल्यावर त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. काटेकोर आहाराने रक्तातले युरिक ॲसिड बहुधा एखाद्या मिलिग्रॅमनेच उतरते. ज्याचे नऊ आहे आणि ज्याला वारंवार झटके येतात, त्याचे काम केवळ पथ्यावर भागत नाही. त्याला ॲलोप्युरिनॉलसारखे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली, अल्प मात्रेपासून वाढवत, वर्षानुवर्षे घ्यावे लागते. हे औषध १९६० च्या दशकापासून वापरात आहे, स्वस्त आहे आणि ते शोधणाऱ्या गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ चे नोबेल मिळाले आहे. मी मात्र अंगठा शांत झाला की गोळी बंद करत असे, असे तीनदा केले आणि तिन्ही वेळा वर्षाच्या आत पुन्हा लंगडलो. गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत जुने स्फटिक विरघळत असताना झटका येऊ शकतो, म्हणून डॉक्टर सोबत दुसरे औषध देतात, हे मला कोणी समजावले नव्हते. गोळीनेच दुखणे वाढले असे समजून मी ती फेकून दिली होती. अंगावर पुरळ उठले तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तपासणीच्या अहवालाबाबतही वाचकांना सावध करावेसे वाटते. माझ्या पहिल्या झटक्यात युरिक ॲसिड ५.९ आले, म्हणून पाय मुरगळला असावा असे ठरवून मला पट्टी बांधून घरी पाठवण्यात आले. पंधरवड्याने तेच ८.८ निघाले. ऐन झटक्यात हा आकडा खाली येऊ शकतो, त्यामुळे दुखणे ओसरल्यावर तपासणी पुन्हा करणे आवश्यक असते. दुसरे असे की, अहवालावर पुरुषांसाठी सातच्या आसपासची मर्यादा छापलेली असते आणि ६.९ च्या पुढे आकडा जास्त असल्याची चांदणी नसली की रुग्ण निश्चिंत होतो, परंतु ज्याला गाउट झालेला आहे त्याचे लक्ष्य सहाच्या खाली असते, कारण त्याखालीच साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. याउलट, कधीही सांधा न दुखलेल्या माणसाच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये ७.५ आले म्हणजे लगेच गोळी सुरू करावी असेही नाही. रक्तदाबावर लघवी वाढवणारे औषध चालू असेल तर तेही युरिक ॲसिड वाढवू शकते. ते परस्पर बंद न करता पर्याय डॉक्टरांना विचारावा.

आयुर्वेदाने वातरक्ताला, म्हणजे गाउटशी मिळत्याजुळत्या विकाराला, आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव दिले आहे. आता तो दहा बाय बाराच्या खोलीतही सुखाने नांदतो, आणि त्याचे एक कारण पाण्याशी निगडित आहे. ज्यांना मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या विकारामुळे पाणी मोजून पिण्यास सांगितलेले नाही, त्यांनी दिवसाला दोन-अडीच लिटर पाणी प्यावे असे सांगणे सोपे आहे. परंतु लोकलने दीड तास जाणारा आणि तेवढाच वेळ परत येणारा माणूस, वाटेत स्वच्छ मुतारी मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे, सकाळपासून घोटभर पाण्यावर राहतो. स्त्रियांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे, आणि पाळी गेल्यानंतर त्यांनाही गाउटचा धोका वाढतो. आरोग्य शिबिरांत पाणी पिण्याचा सल्ला देणाऱ्या लोकप्रतिनिधींनी आपापल्या प्रभागातल्या किती मुताऱ्या रात्री नऊनंतर उघड्या असतात, हे एकदा स्वतः फिरून पाहावे, अशी विनंती आपल्या दैनिकामार्फत करीत आहे.

आपला विश्वासू,
एक वाचक, लालबाग, मुंबई