वहीतल्या गोष्टींचं काय करायचं?

पुणे, 9 फेब्रुवारी

प्रिय माधवी,

उत्तराला फार उशीर झालाय, शिव्या पुढच्या फोनवर घाल. तब्येत बरी, गुडघा आहे तसाच, आईची शुगर काबूत. झालं. आता मुद्दा. तो फोनवर सांगण्यातला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

आपली जपानीची वही, कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं) गोष्टींनी लक्षात ठेवायची ती, झेरॉक्सच्या दुकानात पोचलीय. कुणी दिली ते ठाऊक नाही (संशय कुणावर ते तुला कळलंच असेल). स्पायरल बाइंडिंग, वर निळं प्लास्टिक, आणि आत गोष्टींतली तुझी काकी, नाना, रानडे इन्स्टिट्यूटच्या कट्ट्यावरची सगळी मंडळी जशीच्या तशी. डिसेंबरच्या एन-थ्रीला, जपानीच्या त्या परीक्षेला, बसलेल्या निम्म्या बॅचकडे ती होती. जानेवारीअखेर निकाल लागले. 180 पैकी 95 लागतात आणि प्रत्येक भागात 60 पैकी किमान 19, हे तुला मी काय सांगायचं. मुलं ऐकण्यात तरली, आणि ज्या शब्दांसाठी ही वही पाठ केली त्यांच्यातच आपटली. शब्दसंग्रहापुढे ‘सी’. एका मुलाला कांजी दाखवली की गोष्ट घडाघडा सांगतो, तुझ्या कंसातल्या विनोदासकट. उच्चार विचारला की छताकडे बघतो.

आता प्रश्न असा की जुलैच्या बॅचला ही वही द्यायची, फाडायची, की नव्याने लिहायची? आणि लिहायची तर तुझ्या परवानगीशिवाय तुझ्या गोष्टी कशा कापू?

(नव्या लॅपटॉपवर जपानी अजून बसवलेलं नाही, म्हणून सगळं देवनागरीत. स्वर लांबवायचा तिथे ऽ घालतेय. यावरून आपलं जुनं भांडण आठवेलच, त्यावर येतेच.)

आपल्या वहीत दोन जातींच्या गोष्टी आहेत आणि मुलांना त्या एकच वाटतात. माझ्या गोष्टी आकाराच्या, तुझ्या आवाजाच्या. आकाराची गोष्ट अर्थ देते, उच्चार देत नाही. आवाजाची गोष्ट उच्चार देते, पण अर्धामुर्धा. आणि परीक्षेत नेमका उरलेला अर्धा विचारतात.

तुझ्या गोष्टी आधी घेते, तेवढंच भांडण आटपेल. तोरा म्हणजे वाघ, वाघाचा तोरा: उत्तम, हात लावणार नाही. कासा म्हणजे छत्री, ‘पावसात कसा जाणार’: चालेल. कामी म्हणजे कागद, ‘परीक्षेत कागद कमी पडला’: हेही चालेल, पण लगेच पत्र म्हणजे तेगामी येतं आणि ‘कमी’ची ‘गामी’ होते. हाना म्हणजे नाक, ‘नाकावर हाणा’: मुलं हसतात, लक्षात ठेवतात आणि मग फूल आलं की तिथेही हाणतात. दोन्ही हानाच, फरक पुढे ‘गा’ लावल्यावर ऐकू येतो. फुलात ‘ना’नंतर आवाज उतरतो, नाकात उतरत नाही. काकीचं तेच. तेंभुर्णीसारख्या त्या केशरी फळाची काकी सपाट सुरात, कालवांची काकी पहिल्याच अक्षरावर जोर देऊन. तुझ्या गोष्टीत काकी एकच आहे, आणि ती फक्त फळं खाते.

हे सगळं माफ. खरा घोळ लांबीचा. आपल्या लिपीत इ-उ ऱ्हस्व-दीर्घ आहेत, पण ओ आणि ए एकेकच. त्यामुळे ‘इथे’ या अर्थाचं कोको आणि हायस्कूल या अर्थाचं कोऽकोऽ मुलांच्या वहीत अगदी सारखं दिसतं. ओबासान मावशी, ओबाऽसान आजी. साका चढण, साक्का लेखक. ब्योऽइन दवाखाना, बियोऽइन ब्यूटी पार्लर. आवाजाची गोष्ट मराठी शब्दावर टांगलेली असते आणि मराठी शब्दाला ही मापं नाहीत. परीक्षेत शस्त्रक्रियेची कांजी आली की पर्याय असे असतात: शुजुत्सु, शुऽजुत्सु, शुजित्सु. गोष्ट तिन्हींना सारखीच लागू पडते. म्हणून मी तेव्हा म्हणत होते की देवनागरीत उच्चार लिहू नका, ‘काना’ या जपानी उच्चारलिपीत लिहा, पहिल्या आठवड्यापासून. तू म्हणालीस, मुलं पळून जातील. नाही पळत गं, फक्त कुरकुरतात.

आता माझ्या गोष्टी. त्यातलं एक पान मात्र मी छातीठोकपणे ठेवणार: देवळाचं. देऊळ, म्हणजे तेरा, हा भाग एकदा ओळखीचा झाला की डावीकडे काय लागलंय तेवढंच बघायचं. सूर्य लागला: वेळ, काकडआरतीची. हात लागला: धरणे, एका हातात नारळ, दुसऱ्यात चपला. चालता माणूस, ते दोन तिरपे फटकारे असलेलं: थांबणे, दर्शनबारीत दुसरं काय करतात? बैल लागला: विशेष, कारण दारात नंदी. बोलणं लागलं: कविता, म्हणजे अभंग. नुसता माणूस लागला: सामुराई, दाराशी उभा. हे सहाही मुलांना पक्के येतात. एक पथ्य पाळायचं, ते म्हणजे भागाला एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही. त्या मुलाच्या झेरॉक्सवर चालत्या माणसाला एका पानावर ‘रांग’ म्हटलंय आणि पुढच्या पानावर ‘रस्ता’. गोष्ट तिथेच फुटते. फक्त चंद्राला दोन नावं लागतात, कारण दंड, छाती, कंबर, फुप्फुस यांच्या डावीकडे दिसतो तो चंद्र नव्हे, मांस.

पण या गोष्टींत आवाज कुठे आहे? तो उजव्या भागात आहे आणि आपण तो वहीत कुठेच लिहिला नाही, माधवी. वेळ, धरणे, सामुराई या तिघांचं ओन वाचन (चिनीतून आलेला उच्चार) ‘जि’, कारण देवळाचंच ते आहे. कविता ‘शि’, जवळपास. थांबणे ‘ताइ’ आणि विशेष ‘तोकु’, हे दोघे फुटीर. म्हणजे नवीन शब्द समोर आला तर ‘जि’ धरून चालायचं आणि गोष्टी फक्त फुटिरांसाठी राखून ठेवायच्या. याहून सरळ घराणं निळ्याचं. पाणी लागलं तर स्वच्छ, सूर्य लागला तर निरभ्र, तांदूळ लागला तर सत्त्व, बोलणं लागलं तर विनंती, आणि सगळ्यांचं वाचन ‘सेइ’. तुझ्या ऑफिसात रोज येणाऱ्या बिलाचं सेइक्यूऽशो याच घरातलं. मन लागलं की मात्र भावना, आणि तिचं ‘जोऽ’. गुंडाळण्याचं घराणं घे: हात, दगड, पाणी, काहीही लाव, ‘होऽ’. पेशीत मांस लागतं, तिथे शब्दाच्या मध्यात येतं म्हणून साइबोऽ. अशी साठेक घराणी मांडली तर निम्म्या आवाजाच्या गोष्टींची गरजच उरणार नाही. तुझी तोंडी लावण्याची गंमत जाईल हे कबूल.

जोडशब्दांत उच्चार मोडतो तिथेही गोष्टी रचायच्या नाहीत, तो संधी आहे. शाळेत आपण व्यंजनसंधी घोकली ती इथे कामी येते. गाकु आणि कोऽ मिळून गाक्कोऽ. केत्सु आणि कोन मिळून केक्कोन. हात्सु आणि ह्योऽ मिळून हाप्प्योऽ. पहिला अर्धा ‘त्सु’वर संपला आणि पुढे क, स, त किंवा ह आला की द्वित्त, आणि ह असेल तर त्याचा प. ‘कु’वर संपला की फक्त पुढच्या क-शी. एका तासात शिकवून होतं, आणि त्या एका तासाने शेकडो शब्द सुधारतात. मुलं हे वेगवेगळे शब्द म्हणून पाठ करत बसलीत.

मध्येच विचारते, चिन्मयचं एप्रिलपासून शाळेत नाव ना? रांदोसेरु, ते शाळेचं दप्तर, घेतलंस? अहोंची नाइट शिफ्ट संपली का? हामामात्सुत यंदा थंडी कशी आहे? सविस्तर लिही, मी वाचेन.

चिन्मयवरूनच सुचलं. त्याला पहिलीत 80 कांजी, सहावीपर्यंत 1026, आणि त्याला आपली वही लागणार नाही, कारण शब्द त्याच्या कानात आधीच आहेत. त्याला फक्त आकार चिकटवायचाय. आमच्या मुलांकडे आकार आला तेव्हा शब्दच नव्हता. 2136 जोऽयोऽ, म्हणजे नेहमीच्या वापरातल्या, कांजींचे मराठी अर्थ पाठ असलेला माणूससुद्धा दुकानाची पाटी मोठ्याने वाचू शकत नाही.

म्हणून मी जुलैसाठी असं ठरवतेय, तू हरकत घे. प्रत्येक कांजीला दोनच शब्द, एक कुन (मूळ जपानी उच्चार) आणि एक ओन: थांबण्याला मात्सु आणि किताइ, बस. बाकीची वाचनं शब्द भेटेल तेव्हा. कांजीला चिकटून येणारी काना-लिपीतली शेपटी शब्दासकट लिहायची, कारण त्याच कांजीवर नुसता ‘इ’ असला तर निगाइ, कडू. आणि ‘शिइ’ असलं तर कुरुशिइ, जीव घुसमटणारं. बारीक या अर्थाचं होसोइ आणि किरकोळ या अर्थाचं कोमाकाइ यांचंही तसंच. आन्कीच्या (उजळणीच्या त्या ॲपच्या) कार्डावर पुढे छोटं वाक्य, मागे उच्चार, त्याखाली बारीक अक्षरात गोष्ट. मोठ्याने वाचायचं, मग उलटायचं. उच्चार आधी आला आणि गोष्ट नंतर आठवली, असं लागोपाठ झालं की गोष्ट पुसून टाकायची. हा पुसण्याचा भाग आपल्या वहीत नाही आणि तीच तिची खोट. गोष्ट जन्मभर बाळगली तर वाचताना प्रत्येक अक्षरावर थांबायला होतं.

रोज नवी कार्डं आठ-दहा. आन्की स्वतःहून 20 देतं, आणि पोरं तेवढी घेतात. मग उजळणी दीडशे-दोनशेवर जाते आणि तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद. जे कार्ड आठ वेळा चुकलं त्याला आन्की ‘जळू’ म्हणून खूण करतं. त्याच कार्डासाठी गोष्ट रचायची, सरसकट नाही. आणि सारख्या दिसणाऱ्या जोड्या एकाच दिवशी शिकवायच्या नाहीत. आधी एक पक्की, दुसरी आठवड्याने, तुलना त्यानंतर. आपण वहीत हौसेने शेजारी-शेजारी छापल्यात, त्यामुळे मुलांना दोन्ही आठवतात आणि कुठली कोणती ते कळत नाही.

एक जागा अशी आहे जिथे मराठी पोरांना कुठल्याच गोष्टीची गरज नाही, आणि तिथे आपण पानं भरलीत: आपोआप होणारी आणि कुणीतरी करायची क्रियापदं. अगं, आपल्याकडे फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, गळणे-गाळणे आहेच! वारेरु-वारु, ओचिरु-ओतोसु. कल्पना समजवायला वेळ नकोच, फक्त शेपटी ओळखायला शिकवायचं. ‘सु’वर संपलं की करणारं. जोडीतलं एक ‘आरु’वर संपलं की ते होणारं, आणि मग त्याचं ‘एरु’ करणारं: शिमारु-शिमेरु, किमारु-किमेरु. नुसत्या ‘एरु’वर विश्वास ठेवायचा नाही, कारण आकेरु उघडवतं आणि वारेरु फुटतं. तेवढ्या जोड्या वाक्यातच घोकायच्या: दोआ गा आकु (दार उघडतं), दोआ ओ आकेरु (दार उघडायचं).

सर म्हणतात, वही आहे तशी राहू दे, मुलांना हसायला काहीतरी हवं. सरांना सगळंच आहे तसं राहू द्यायचं असतं.

तेव्हा मला एवढं कळव. आवाजाच्या गोष्टींपैकी ज्यांत लांबी आणि द्वित्त दोन्ही नीट बसतात तेवढ्याच ठेवते. तुझ्या मते कुठल्या? आणि नानांची गोष्ट काढू का? वहिनी परवा विचारत होत्या, ‘ते पुस्तकातले नाना आमचेच का?’

तुझी,
शुभा

ता.क. मि आणि मात्सु या दोन सारख्या दिसणाऱ्या कांजींचं पान तुझ्याकडे असेल तर स्कॅन पाठव, इथल्या प्रतीत वरची रेघच पुसट झालीय आणि त्या पानात तीच तर बघायची असते. झाडाच्या डोक्यावरची रेघ आखूड असेल तर ‘अजून नाही’, झाड वाढायचंय: मिराइ, भविष्य. लांब असेल तर ‘शेवट’, फांदी आणखी जाणार नाही: शूऽमात्सु, आठवड्याचा शेवट. पाठवताना काळं-पांढरं नको, रंगीत कर, तुझी लाल शाई काळ्यात दिसत नाही.